खाऱ्या पाण्याच्या नव्या टँकसाठी सफाईवाले जीव कसे निवडावेत

मरीन टँक लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके सकाळी पांढरी वाळू तपकिरी दिसायला लागते. काचेवरही तसाच थर. हे जवळपास प्रत्येक नव्या टँकमध्ये होतं, आणि बहुतेक नवशिके नेमके त्याच आठवड्यात घाबरून दुकान गाठतात. तिथे 'क्लीन-अप क्रू' नावाचं पॅकेज तयारच असतं: दहा गोगलगायी, दहा हर्मिट खेकडे, एक कोळंबी, जमल्यास एक तारामासा. पिशवी घरी येते, जीव पाण्यात जातात, थोड्या दिवसांत तपकिरी थर जातो (तो तसाही जाणारच होता), आणि मग पॅकेजमधले बरेचसे जीव उपाशी मरतात.

हे जीव मुळात साफसफाई करायला येत नाहीत, जेवायला येतात. शेवाळ खातात, विष्ठा टाकतात, आणि शेवाळातलं नायट्रेट-फॉस्फेट पुन्हा त्याच पाण्यात येतं. ते टँकबाहेर काढायचं काम तुमचंच: पाणी बदलणं, स्किमरचा (फेसाबरोबर घाण वर काढणाऱ्या यंत्राचा) कप रिकामा करणं, स्पंज धुणं. म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवा की आधी टँकमध्ये अन्न दिसलं पाहिजे, मग ते खाणारा जीव आणायचा. तोही थोडा, आणि थोडा उशिरा.

हिशेबासाठी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा टँक धरतो. मापाने त्यात १२७ लिटर पाणी बसतं. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की साधारण १०० लिटर उरतं.

आधी पाणी, आणि त्यातलं तांबं

टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला ४ ते ६ आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि थोडं नायट्रेट दिसेपर्यंत एकही गोगलगाय आणू नका. क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, हजारात ३५ भाग; मीटरवर १.०२५ च्या आसपास विशिष्ट गुरुत्व. तापमान २४ ते २६ अंश. मोजायला शक्यतो रिफ्रॅक्टोमीटर घ्या. प्लास्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला की तो खुशाल चुकीचा आकडा दाखवतो.

एवढं कुठेही वाचायला मिळेल. तांब्याबद्दल मात्र आपल्याकडे वेगळं सांगावं लागतं. गोगलगायी, खेकडे, कोळंबी यांच्या रक्तातला प्राणवायू वाहणारा पदार्थच तांब्याचा असतो, पण पाण्यात विरघळलेलं तांबं अगदी कमी प्रमाणातही त्यांना मारतं. आणि आपल्या घरात तांबं कुठून कुठून येतं बघा. हल्ली स्वयंपाकघरातल्या अनेक आरओ मशिनांत पाण्यात तांबं मिसळणारी 'कॉपर' कार्ट्रिज असते. आरोग्याला चांगलं म्हणून ती मुद्दाम घेतलेली असते. ते पाणी टँकला चालणार नाही. भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा हंडा कितीही देखणा असला तरी टँकचं पाणी त्यात भरून ठेवू नका. घरची द्राक्षबाग असेल तर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं औषध) कालवलेली बादली, मग, काठी यांतलं काहीच टँकच्या खोलीत येता कामा नये. मोरचूद म्हणजे तांब्याचंच सल्फेट. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांतही तांबं असतं. ते खडक-वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू सुटत राहतं. म्हणून जुना टँक खडकांसकट विकत घेताना 'यात कधी औषध घातलं होतं का?' हे पहिलं विचारा.

साध्या घरगुती आरओतही एक गोम आहे. चव यावी म्हणून त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, म्हणजे थोडं नळाचं पाणी परत मिसळलेलं असतं. बोअरवेलच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. टँकसाठी साधं मेम्ब्रेन आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे मणी) असं जोडून घ्या, आणि टीडीएस मीटरवर शून्य किंवा त्याच्या जवळचा आकडा बघा. नळाच्या पाण्यातला सिलिकेट हेच त्या तपकिरी थराचं खाद्य असतं.

हवामानाची बाजू

नाशिकची मार्च ते मे ही कोरडी हवा टँकला एका बाबतीत सोयीची आहे: पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी चांगलं गार होतं. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा एवढं काम करत नाही. पण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. आपल्या १०० लिटरमधून रोज तीन लिटर उडालं असं धरा. पहिल्या दिवशी क्षारता ३५ ची ३६ होते. तीन दिवस कुणी लक्ष दिलं नाही तर ३८ च्या वर जाते. मासे एखादवेळी हे सोसतात. गोगलगायी पटकन आक्रसून खाली पडतात. म्हणून रोज, जमलं तर ऑटो टॉप-अप (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) लावून, उडालेल्या पाण्याची भर साध्या आरओ-डीआय पाण्याने घाला. मिठाच्या पाण्याने नाही. ही चूक फार जण करतात. हिवाळ्यात याच्या उलट. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा हीटर आणि त्याचं थर्मोस्टॅट नीट चालतंय की नाही हे नोव्हेंबरातच तपासून ठेवा.

टँकमध्ये काय उगवलंय?

खरेदीआधी आठवडाभर फक्त बघा. जमलं तर रोज एकाच कोनातून मोबाइलवर फोटो काढा.

तपकिरी, पिठासारखा, बोटाने सहज पुसला जाणारा थर म्हणजे डायटम. सिलिकेट संपला की तो आपोआप ओसरतो. सेरिथ आणि ट्रोकस गोगलगायी तो खातात, पण त्याच्यासाठी फौज आणायची गरज नाही. त्यानंतर काचेवर आणि खडकावर हिरवट पातळ थर येतो. सफाईवाल्यांचं खरं जेवण हेच, आणि पहिली खरेदी करायची वेळही हीच.

केसांसारखं लांब हिरवं शेवाळ वाढलं असेल तर आधी हाताने उपटा. लांब झुपके बहुतेक गोगलगायी खात नाहीत. त्यांना कोवळे, आखूड कोंब हवेत. लालसर किंवा जांभळट चिकट पापुद्रा, जो पकडला की सलग उचलला जातो, तो सायनोबॅक्टेरिया. त्यावर भरवशाचा सफाईवाला नाही. नळीने ओढून काढा, पाण्याचा प्रवाह वाढवा, माशांचं खाणं कमी करा. आणि तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी जास्त, असं दिसलं तर ते डायनोफ्लॅजेलेट असू शकतात. त्यांच्या काही जाती विषारी असतात आणि ते खाऊन गोगलगायी मरतात. अशा वेळी नवे जीव आणणं थांबवा.

कोण काय खातं

बाजारात नावं मोघम असतात. 'टर्बो' म्हणून काहीही विकलं जातं. म्हणून नावापेक्षा वागणं बघा: दुकानाच्या टँकमध्ये ती काच खरवडत फिरतेय की वाळूत गाडून बसलीय? शंखाचं तोंडही बघा. तोंडाची कड सगळीकडून अखंड, गोलसर असेल तर ती बहुधा शेवाळ खाणारी. पुढच्या टोकाला खाच किंवा पन्हळ असेल तर बहुधा मांसाहारी. सेरिथ याला अपवाद; तिला आखूड पन्हळ असूनही ती शेवाळच खाते.

पहिली पसंती माझी तरी ट्रोकस. निमुळत्या भोवऱ्यासारखा शंख, काच आणि खडक दोन्हींवर मन लावून काम, आणि उलटी पडली तर स्वतः सुलटी होते. हा गुण लहान वाटतो, पण अॅस्ट्रिया गोगलगायीला तो नाही. ती वाळूवर पाठीवर पडली की बहुतेकदा तशीच राहते, आणि रात्री एखादा हर्मिट तिच्यावर ताव मारतो. अॅस्ट्रिया घेतलीत तर सकाळ-संध्याकाळ एक नजर टाकून पडलेली सुलटी करायची तयारी ठेवा.

सेरिथ दिसायला साधी, लांबट, काळपट. दिवसा वाळूत, रात्री काचेवर. वाळूचा वरचा थर तीच हलता ठेवते. ट्रोकस आणि सेरिथ या जोडीवर छोटा टँक खूप दिवस चालतो.

टर्बो खादाड आहे, आणि शेवाळ खूप असेल तेव्हा तिच्यासारखी दुसरी नाही. पण मोठी टर्बो १०० लिटरच्या टँकमध्ये शेवाळ लवकर संपवते आणि नंतर उपाशी राहते. शिवाय चालताना सैल ठेवलेले खडक आणि प्रवाळाचे तुकडे पाडत जाते. घ्यायचीच असेल तर एकच, तीही लहान.

नेराइट काच छान साफ करते. तिचे दोन त्रास आहेत. ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली असल्याने पाण्याबाहेर चढते. झाकण नसेल तर सकाळी ती फरशीवर सापडते. आणि खडकांवर पांढऱ्या तिळाएवढी अंडी चिकटवते, जी टँकमध्ये सहसा वाढत नाहीत आणि सहज खरवडलीही जात नाहीत.

नसारियस शेवाळ अजिबात खात नाही, हे दुकानदार सांगतोच असं नाही. ती वाळूत गाडलेली असते, फक्त सोंडेसारखी नळी वर. माशांचं खाणं टाकलं की वास लागून वाळू फोडून बाहेर येते. पहिल्यांदा बघताना मजा वाटते. तिचं काम म्हणजे उरलेलं खाद्य आणि मेलेला मासा फस्त करणं. टँकमध्ये मासेच नसतील तर तिला आणून उपयोग नाही. मार्गारिटा ही थंड पाण्याची गोगलगाय आहे. आपल्या २५ अंशांत ती फार जगत नाही.

हर्मिट क्रॅबबद्दल माझं मत थोडं कडक आहे: पहिले दोन महिने नकोच. लहान निळ्या किंवा लाल पायांचे हर्मिट उरलेलं अन्न आणि थोडं शेवाळ खातात, बघायलाही गोड. पण त्यांना वाढताना मोठा शंख लागतो, आणि रिकामा शंख नसेल तर ते जिवंत गोगलगायीला मारून तिच्या शंखात राहायला जातात. आणायचेच तर प्रत्येकामागे दोन-तीन रिकामे, न रंगवलेले, थोडे मोठे शंख टँकमध्ये ठेवा. समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानातले रंगीत, वार्निश लावलेले शंख चालत नाहीत. मुठीएवढे होणारे केसाळ पायांचे हर्मिट तर नवशिक्याने घेऊच नयेत. ते मासेही धरतात.

क्लीनर कोळंबी टँक साफ करत नाही, माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली कातडी टिपते. क्षारतेतला झटका तिला सोसत नाही, त्यामुळे टँक दोन-तीन महिने स्थिर झाल्यावरच. पेपरमिंट कोळंबी ऐप्टेशिया नावाचं उपद्रवी समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) खाते. ते नसेल तर ती घ्यायला कारण नाही. एमराल्ड क्रॅब बुडबुड्यांसारख्या शेवाळासाठी. तेही नसेल तर तोही नको.

काही सफाईवाले फुकट येतात. खडकांबरोबर आलेले कोपेपॉड, अॅम्फिपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव), वाळूतले बारीक कृमी, नखाएवढे ब्रिटल स्टार (बारीक हातांचे, ताऱ्यासारखे जीव). ब्रिसल वर्म, म्हणजे काटेरी केसांचा कृमी, दिसला की लोक किंचाळतात. साधा ब्रिसल वर्म उरलेलं अन्न खातो, त्याला राहू द्या. उघड्या हाताने मात्र धरू नका, त्याचे काटे कातडीत घुसून खाज सुटते.

जे आणायचंच नाही

परदेशी व्हिडिओंत वाळू साफ करायला समुद्रकाकडी सुचवतात. भारतात ते विसरा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली सगळ्या समुद्रकाकड्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पकडणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे. समुद्रघोडे आणि खडक बांधणारे प्रवाळही संरक्षित आहेत, त्यामुळे 'लाइव्ह रॉक' म्हणून प्रवाळाचे सांगाडे कुणी देत असेल तर घेऊ नका. सिरॅमिक किंवा सिमेंटचे तयार खडक मिळतात, तेच वापरा. ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस या दोन मोठ्या जातीही संरक्षित यादीत आहेत. टँकसाठी लहान जाती घ्यायच्या, आणि बिल मागायचं.

वाळू चाळणारा तारामासा, अॅस्ट्रोपेक्टेन, नव्या टँकमध्ये वाळूतले सगळे बारीक जीव खाऊन काही महिन्यांत उपाशी मरतो. मोठा हिरवा ब्रिटल स्टार रात्री झोपलेले मासे पकडतो. सी अर्चिन शेवाळाबरोबर खडकावरचा जांभळा, टणक कोरलाइन शेवाळाचा थरही खरवडतो. त्याला जुना, भरलेला टँक लागतो. शेवाळ खाणारे सर्जनफिश किंवा टँग दोन फुटांच्या टँकमध्ये मावत नाहीत, विषय संपला.

आणि सुट्टीत डहाणू-बोर्डीला किंवा अलिबागला गेल्यावर बाटलीत भरून जीव आणण्याचा मोह टाळा. किनाऱ्यावरच्या शंखांत मांसाहारी खूप असतात. शिवाय शंकूच्या आकाराच्या, सुंदर नक्षीच्या कोनस गोगलगायीचा डंख विषारी असतो, काही जातींचा माणसाचा जीवही घेऊ शकतो. लहान मुलांना आधीच सांगून ठेवा.

किती?

'गॅलनला एक गोगलगाय' हा नियम इंटरनेटवर सगळीकडे सापडतो. गॅलन म्हणजे ३.८ लिटर, या हिशेबाने १०० लिटरला २६ गोगलगायी होतात. नव्या टँकमध्ये एवढ्यांचं अन्न नसतं. पहिल्या खेपेला तीन ट्रोकस आणि तीन सेरिथ, बस्स. मासे आले आणि खाद्य पडायला लागलं की दोन नसारियस. मग महिनाभर काहीच आणायचं नाही. महिन्याने समोरची काच चार-पाच दिवस न पुसता चालत असेल तर संख्या पुरेशी आहे. दोन दिवसांतच हिरवी होत असेल तर दोन-तीन वाढवा, पण त्याआधी लाइट किती तास जळतो ते बघा. आठ तास पुष्कळ झाले.

मुंबईहून आणताना

नाशिकमध्ये मरीन जीव मर्यादित मिळतात, त्यामुळे बरेच जण कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केट गाठतात. दुकानात तीन गोष्टी बघा. गोगलगाय काचेला घट्ट धरून आहे का. उचललेली असेल तर बोट लावल्यावर आत ओढली जाते का. आणि त्याच टँकमध्ये तांब्याचं औषध तर चालू नाही ना. दुकानाच्या पाण्याची क्षारताही विचारा. मीठ वाचवायला आणि परजीवी कमी राहावेत म्हणून अनेक जण ती १.०२० च्या आसपास ठेवतात, आणि तिथून तुमच्या १.०२५ मध्ये एकदम आलेला जीव दगावू शकतो.

थर्माकोलचा डबा घरून न्या. हर्मिट आणि गोगलगायी वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून घ्या. उन्हाळ्यात दुपारी कसारा घाटात गाडी अडकली तर डिकीतली पिशवी तापते. डबा आपल्या पायाशी ठेवा. संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने येणं यासाठी बरं पडतं.

पाण्यात सोडणं

पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. त्या वेळेत बाकीची तयारी करा, कारण पिशवी उघडली की उशीर चालत नाही. प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं आणि तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो.

जीव आणि पाणी स्वच्छ, फक्त टँकसाठीच ठेवलेल्या डब्यात ओता. एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने पडू द्या. डब्यातलं पाणी तिप्पट झालं आणि क्षारता टँकशी जुळली की पुरे. साधारण तासभर लागतो. दुकानाचं पाणी टँकमध्ये ओतू नका. गोगलगाय हाताने उचलून, पाय खाली येईल अशी खडकावर ठेवा. वरून सोडून दिलीत तर ती वाळूत उलटी पडते. त्या दिवशी लाइट बंद.

दोन दिवस हलली नाही म्हणून घाबरू नका. मेलीय का ते कळायला सोपी खूण: बाहेर काढून वास घ्या. मेलेल्या गोगलगायीचा वास एकदा घेतला की पुन्हा शंका उरत नाही. मेली असेल तर लगेच काढा आणि अमोनिया तपासा. एवढ्या पाण्यात एक मोठी टर्बो सडली तरी आकडा वर जातो. वाळूवर खेकड्याचं रिकामं कवच दिसलं तर मात्र तो मेला असं धरू नका, हर्मिट कात टाकतात. आठवडाभर थांबा.

नंतरची निगा

काच इतकी चकचकीत दिसायला लागली की शेवाळच उरलं नाही, तर आता त्यांना बाहेरून खायला घालायची वेळ आली. सुशीची साधी, मीठ-मसाला न लावलेली नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा) मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळते. दोन बोटं रुंद तुकडा रबराने दगडाला बांधून रात्री खाली ठेवायचा, सकाळी उरलेला काढायचा. आठवड्यातून दोनदा पुरे. मॅग्नेटने काच पुसताना मागची काच सोडून द्या, ते गोगलगायींचं कुरण. टँकच्या खोलीत डासांची कॉइल, झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल काहीही नको. कोळंबी आणि खेकड्यांवर त्याचा परिणाम सगळ्यात आधी होतो.

लाइट गेल्यावरची सोय इन्व्हर्टरवर करा, निदान वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) तरी त्यावर जोडा. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊ नका, आरओ-डीआय पाण्याचा कॅन आणि काचेवर मारलेली पातळीची खूण दाखवा. एवढंच भरा म्हणावं.

जीव जास्त झाले असं वाटलं तर ते दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला. गोदावरीत सोडू नका. गोड्या पाण्यात ते मरतात. समुद्रातही सोडू नका, कारण ते कुठल्या किनाऱ्यावरून आलेत आणि सोबत काय घेऊन जातील हे आपल्याला माहीत नसतं.